दहा पोरं, एक वही, एक घड्याळ: एकाच ॲपमध्ये बरेच टायमर कसे पळवायचे

आमच्या मामेभावाने, म्हणजे दादाने, जुळे सोलापुरात लहान मुलांचा प्ले झोन टाकलाय. एक जम्पिंग, एक घसरगुंडी, प्लास्टिकच्या बॉलनी भरलेला हौद आणि कोपऱ्यात बॅटरीवरच्या चार गाड्या, एवढंच. अर्धा तास किंवा एक तास, पैसे आधी, गळ्यात नंबरचा बिल्ला आणि वेळ लिहायला एक लांब वही. पहिल्याच रविवारी कळलं की भांडण पैशावरून होत नाही, वेळेवरून होतं. "आत्ताच तर आत गेलाय की हो तो, अर्धा तास कसा झाला" हे मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत, तिन्ही भाषांत ऐकून दादा रात्री घरी आला आणि मला म्हणाला, "तू दिवसभर त्या कंप्युटरपुढं काय करलालास बे, मला एक टायमरचं ॲप करून दे की."

मी म्हणलं दादा, हे काय, एका संध्याकाळचं काम आहे. तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत जे डोक्यात शिरलं ते इथं लिहून ठेवतोय, कारण एक टायमर करणं आणि एकाच वेळी दहा वेगवेगळे टायमर पळवणं ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोडिंग नुकतंच शिकायला लागलेली बहुतेक पोरं बरोबर ह्याच जागी अडकतात. कोड येत नसेल तरी वाचा, कोड जवळपास नाहीच आहे.

एक टायमर खरंच सोपा असतो. जावास्क्रिप्ट ह्या वेबपानांच्या भाषेत सेटइंटरव्हल नावाची सोय आहे, तिला सांगायचं की दर १००० मिलिसेकंदांनी, म्हणजे दर सेकंदाला, एवढं एवढं काम कर. काम काय, तर 'उरलेले' नावाच्या डब्यात १८०० ठेवलेत (अर्ध्या तासाचे सेकंद), त्यातला एक काढ, स्क्रीनवर नवा आकडा लिही, शून्य झालं की घंटी वाजव. दहा-बारा ओळी होतात. मी लिहिल्या, चालल्या, दादाला दाखवल्या, चहा झाला.

मग दुसऱ्या पोरासाठी काय, तर त्याच बारा ओळी कॉपी, खाली पेस्ट, आणि 'उरलेले१' चं 'उरलेले२'. मग ३, मग ४. तेव्हा बिल्ले सहाच होते म्हणून सहा वेळा. मला माहिती आहे की हे असं करायचं नसतं, पण घाई होती आणि सहाच तर आहेत असं वाटलं, सगळेच असं म्हणतात.

शनिवारी दादाचा फोन. चार नंबरच्या पोराला आईने लवकर बाहेर काढलं म्हणून दादाने चारचं स्टॉप बटण दाबलं तर चार पळतच राहिला आणि तीन थांबला. झालेलं असं की चौथ्या कॉपीत एका जागी ३ चा ४ करायचा माझ्याकडून राहिला होता. तीन नंबरचं पोरगं सव्वा तास उड्या मारत होतं, त्याची आई खुश, दादा माझ्यावर तापलेला. ते दुरुस्त केलं तोवर दादाची नवी फर्माईश आली की पाच मिनिटं राहिली की आकडा केशरी झाला पाहिजे. एक ओळीचं काम, पण सहा जागी. पाच जागी केलं, एक विसरलो. आणि मग तो म्हणाला दहा बिल्ले करू.

आता गंमत अशी की उत्तर दादाच्या त्या लांब वहीतच होतं, आम्हा दोघांना दिसलं नव्हतं. वहीत त्याने काय केलंय बघा. पानाच्या वर एकदाच रकाने आखलेत: बिल्ला, नाव, किती वेळ, बाहेर यायची वेळ. खाली प्रत्येक पोराची एक ओळ. प्रत्येक पोरासाठी त्याने वेगळी वही आणली नाही, प्रत्येकासाठी पानही वेगळं आखलं नाही. पोरगं आलं की ओळ वाढते, गेलं की ओळ खोडली जाते, आणि ती ओळ वाचायची रीत सगळ्यांना सारखीच.

प्रोग्रामिंगमध्ये ह्यालाच क्लास आणि ऑब्जेक्ट म्हणतात. नावं भारदस्त आहेत म्हणून पोरं घाबरतात. क्लास म्हणजे आखलेले रकाने आणि ते वाचायची रीत, ऑब्जेक्ट म्हणजे भरलेली एक ओळ. ही कल्पना नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर ह्या दोघांनी सिम्युला ६७ नावाच्या भाषेत आणली, आणि ती भाषा कशासाठी केली होती तर खऱ्या जगातल्या गोष्टींची नक्कल कंप्युटरवर चालवायला, म्हणजे एकाच प्रकारच्या खूप साऱ्या वस्तू, प्रत्येकीची स्थिती वेगळी. आपली जम्पिंगवरची पोरं म्हणजे तेच झालं की.

सोलापूरकरांना तर हे मागावरूनसुद्धा कळेल. चादरीचा जॅकार्ड माग ज्याने जवळून बघितलाय त्याला माहिती आहे की वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते, मोराची माळ लावली की मोर उतरतो, फुलाची लावली की फूल. फुलासाठी कुणी नवा माग उभा करत नाही. फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमाराला हे केलं. कोडमधलं फंक्शन म्हणजे तो माग आणि त्याला आपण जे देतो, बिल्ला नंबर काय, मिनिटं किती, ते म्हणजे कार्ड. फरक एवढाच की माग एका वेळी एकच चादर विणतो आणि आपल्याला दहा चादरी एकदम पाहिजेत, त्यामुळे मागाचा दाखला इथंच सोडून परत वहीकडे येऊ.

तर दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. टायमरचा एक क्लास केला, दहा ऑब्जेक्ट केले, प्रत्येकाच्या पोटात त्याचा 'उरलेले'चा डबा आणि प्रत्येकाचं स्वतःचं सेटइंटरव्हल. केशरी रंगाची ओळ आता एकाच जागी, दहा काय शंभर बिल्ले झाले तरी तीच. चारचं बटण दाबलं तर चारच थांबणार कारण बटणाला कळतं की आपण कुणाच्या ओळीत बसलोय. इथं एक खड्डा मात्र आहे तो सांगतो: बटणं लूपमध्ये (म्हणजे तेच काम फेऱ्या मारत परत परत करवून) तयार करताना जुन्या पद्धतीने, म्हणजे जावास्क्रिप्टच्या व्हार नावाच्या डब्यात नंबर ठेवला, तर सगळी बटणं शेवटी एकाच नंबरकडे बघायला लागतात, कारण व्हारचा डबा लूपभर एकच असतो आणि बटण दाबेपर्यंत त्यात शेवटचा आकडा येऊन बसलेला असतो. २०१५ च्या जावास्क्रिप्टमध्ये लेट आलं, त्यात लूपच्या प्रत्येक फेरीला नवा डबा मिळतो. लेट वापरा, विषय संपला.

हे व्हर्जन आठवडाभर चाललं. मग तीन दुखणी निघाली आणि तिन्ही वेगवेगळ्या दिवशी निघाली म्हणून मला आधी ती वेगवेगळी वाटली.

पहिलं: दादाचा हात दोनदा लागला स्टार्टवर. टायमर डबल स्पीडने पळायला लागला, अर्धा तास पंधरा मिनिटांत संपला, आणि पोरगं रडत बाहेर. कारण साधं आहे, सेटइंटरव्हल दोनदा लावलं की दोन माणसं एकाच डब्यातून सेकंद काढायला बसतात. सेटइंटरव्हल लावलं की ते एक नंबर परत देतं, तो नंबर जपून ठेवायचा असतो आणि थांबवताना क्लिअरइंटरव्हलला तोच द्यायचा असतो. मी दुसऱ्यांदा लावताना पहिल्याचा नंबर पुसून टाकला होता, त्यामुळे स्टॉप दाबलं तरी पहिला माणूस आत बसून सेकंद काढतच होता. भुतासारखा.

दुसरं: दादाच्या फोनवर मध्येच कॉल येतो, तो बोलत बोलत गल्ल्यावर जातो, व्हॉट्सॲप बघतो, परत ॲपमध्ये येतो, तर सगळे टायमर मागे पडलेले. वीस मिनिटं झालीयेत आणि ॲप म्हणतंय बारा. ह्यात बिघाड कुणाचा नाही, बॅटरी वाचवायला ब्राउजर मागे गेलेल्या पानाला झोपवतात. क्रोममध्ये लपलेल्या टॅबचे टायमर सेकंदाला एकदाच, आणि २०२१ च्या आवृत्ती ८८ पासून पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेल्या बहुतेक टॅबचे मिनिटाला एकदाच चालवायला परवानगी असते. मोबाईलवर स्क्रीन बंद झाली की कधीकधी पूर्णच झोप. आता सेटइंटरव्हल दर वेळी कोडला उठवतं त्याला आपण हाक म्हणू. माझा कोड म्हणत होता "हाक आली की एक सेकंद वजा कर", आणि हाक मिनिटाला एकदा यायला लागली तर मिनिटाला एकच सेकंद वजा होणार ना. चूक माझी, हाक म्हणजे सेकंद असं मी धरून चाललो होतो.

तिसरं दुखणं हे दुसऱ्याचंच बारीक रूप. ॲप समोर उघडं असतानाही हाक अगदी ठोक्याला येईल ह्याची गॅरंटी नसते, फोन दुसऱ्या कामात असला की थोडी उशिरा येते. समजा प्रत्येक हाक २० मिलिसेकंद उशिरा आली, डोळ्याला कळणारही नाही. पण एका तासाच्या टायमरला ३६०० हाका लागतात, ३६०० गुणिले २० म्हणजे ७२ सेकंद. तासाला सव्वा मिनिट फुकट. आणि दहा टायमरचा उशीर दहा प्रकारचा, म्हणजे एकाच वेळी आत गेलेली दोन जुळी पोरं वेगवेगळ्या वेळेला बाहेर.

परत वही बघा आता. दादाने वहीत "२९ मिनिटं राहिली" असं लिहून दर मिनिटाला खोडून "२८" केलेलं नाही. वेड लागेल माणसाला. त्याने लिहिलंय "बाहेर: ६:४०". एकदाच. मग कुणी विचारलं किती राहिलं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो, ६:२८ झालेत, म्हणतो बारा मिनिटं. मधे दहा मिनिटं तो चहाला गेला असला तरी उत्तर चुकत नाही, कारण तो मोजत बसलेलाच नव्हता, त्याने फक्त वजाबाकी केली.

सगळा जीव इथं आहे. टायमरने मोजायचंच नाही. सुरू करताना एकदा संपायची वेळ लिहून ठेवायची:

संपायची वेळ = आत्ताची वेळ + मिनिटं × ६०,०००

आणि दाखवायचं तेव्हा:

उरलेले = संपायची वेळ − आत्ताची वेळ

जावास्क्रिप्टला आत्ताची वेळ विचारली की ती १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले तो लांबलचक आकडा देते (ग्रीनिचची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच). आकडा केवढाही लांब असू दे, वजाबाकी केली की आपल्याला पाहिजे तेवढंच उरतं. हाक उशिरा येऊ दे, पाच मिनिटं न येऊ दे, जेव्हा येईल तेव्हा उत्तर बरोबर.

आणि एकदा हे केलं की अजून एक गोष्ट आपोआप सुटते, दहा टायमरला दहा सेटइंटरव्हल लागतच नाहीत. एकच पुरतं. आमचे आजोबा मिलमध्ये होते, ते सांगायचे की मिलचा भोंगा झाला की सगळं गाव आपापलं बघायचं, कुणाची पाळी सुटली, कुणाची सुरू झाली, कुणाच्या घरी पाणी तापवायला ठेवायची वेळ झाली. प्रत्येक माणसामागे एक भोंगा नव्हता. तसंच इथं: एक भोंगा दर पाव सेकंदाला वाजतो, आणि वाजला की यादीतल्या प्रत्येक ओळीला विचारतो, बाबा तुझे किती राहिले. डबल स्टार्टचं भूत गेलं, कारण स्टार्ट दोनदा दाबलं तरी भोंगा एकच आणि ओळ चालू असेल तर दुसरा स्टार्ट ऐकायचाच नाही.

पाव सेकंद का, पूर्ण सेकंद का नाही? सेकंदाला एकदाच बघितलं आणि हाक जराशी उशिरा आली तर स्क्रीनवर १२ नंतर थेट १० दिसतो कधीकधी, ११ गायब. हिशेब बरोबरच असतो पण बघणाऱ्याला वाटतं टायमर पळवलाय, आणि प्ले झोनच्या बाहेर उभ्या असलेल्या आईला असं वाटणं परवडत नाही. २५० मिलिसेकंदाला बघा, काम एवढं हलकं आहे की फोनला काही होत नाही.

ह्याच्याच शेजारची एक बारीक गोष्ट, मिलिसेकंदाचे सेकंद करताना खाली गोल करायचं का वर. खाली केलं तर अर्धा तास लावल्या लावल्या २९:५९ दिसतं आणि शेवटी एक पूर्ण सेकंद ००:०० दिसत राहतं, घंटी नंतर. वर केलं तर ३०:०० पासून सुरू आणि शून्य दिसलं की त्याच क्षणी घंटी. वर करा. आणि पाच मिनिटं सात सेकंदाला ५:७ दाखवू नका, ५:०७ दाखवा. एका आजोबांनी त्यावरून पण वाद घातलाय.

आता पॉज. दादाला पॉज हवाच होता कारण लाईट गेली की जम्पिंगची हवा भरणारी मोटर बंद, जम्पिंग खाली बसतं, पोरं बाहेर, आणि तेवढी मिनिटं कापली तर पालक ऐकणार नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. पण संपायची वेळ ६:४० लिहिली असेल तर घड्याळ थोडंच थांबणार. म्हणून पॉज दाबला की संपायची वेळ खोडायची आणि तिच्या जागी 'किती राहिले होते' ते लिहायचं, समजा ११ मिनिटं. परत चालू केलं की आत्ताची वेळ अधिक ११ मिनिटं ही नवी संपायची वेळ. म्हणजे ओळीत दोनपैकी एकच गोष्ट असते, चालू असेल तर संपायची वेळ, थांबलेली असेल तर उरलेले. दोन्ही एकदम ठेवायला गेलात की कधीतरी त्यांचं आपापसात जमत नाही आणि मग खरं कोणाचं हे शोधत बसा. लाईट गेली की सगळ्यांना एकदम पॉज हे बटण पण दिलं, ते लिहायला एक मिनिट लागलं, कारण यादीतल्या प्रत्येकाला तेच पॉज सांगायचं, बास.

घंटीवरून माझी फजिती झाली ती पण सांगतो. भोंगा दर पाव सेकंदाला वाजणार आणि प्रत्येक ओळ तपासणार, उरलेले शून्य किंवा कमी असेल तर घंटी. पाव सेकंदाने परत तपासलं, अजून शून्यापेक्षा कमीच आहे, परत घंटी. सेकंदाला चार घंट्या, थांबायचं नाव नाही, आणि दादा फोन लांब धरून ओरडतोय. म्हणून ओळीत अजून एक रकाना लागतो, स्थिती: चालू, थांबलेला, संपला. घंटी वाजवायची ती चालूवरून संपलाकडे जाताना, एकदाच. हे लिहायला सोपं आहे, आठवायला अवघड.

आणि आता माझा सगळ्यात आवडता बग, म्हणजे कोडमधली चूक, ह्यात दोन दिवस गेले. दोन सख्खे भाऊ एकदमच आत गेले, बिल्ला ३ आणि ४, दोघांचं एकदमच संपलं, पण तीनची घंटी झाली आणि चारची पाव सेकंद उशिरा. पाव सेकंदाने काय बिघडतंय म्हणून सोडून दिलं असतं, पण नंतर तीन भाऊबहिणी आल्या तेव्हाही असंच, एक सोडून एक. मी संपलेली ओळ त्याच फेरीत यादीतून काढत होतो. आता विचार करा, रेशनच्या रांगेत तुम्ही एकेका जागेवर बोट ठेवत मोजताय, तिसऱ्या जागेवरचा माणूस रांगेतून निघून गेला, चौथा पुढे सरकून तिसऱ्या जागी आला, आणि तुमचं बोट गेलं चौथ्या जागेवर. सरकून आलेला तपासायचा राहिलाच. लूपमध्ये पुढून मागे जाताना काढाकाढी केली की हेच होतं. उपाय दोन, एक तर मागून पुढे या, नाहीतर फेरी पूर्ण करा आणि नंतर एकदम संपलेले काढा. मी दुसरं केलं.

त्यातूनच हेही कळलं की ओळीला ओळखायचं ते रांगेतल्या जागेवरून नाही, बिल्ला नंबरवरून. जागा बदलते, बिल्ला बदलत नाही. स्क्रीनवरचंही तसंच आहे. अँड्रॉइडवर लांब यादी दाखवताना रिसायकलरव्ह्यू वापरतात, तो वर सरकून गेलेल्या ओळीची चौकट उचलून खाली नव्या ओळीला लावतो, हॉटेलात ताट विसळून पुढच्याला देतात तसं. तुम्ही टायमर त्या चौकटीत ठेवलात तर स्क्रोल केलं की दोनचा टायमर नऊच्या नावापुढे पळताना दिसेल. टायमर यादीत, चौकट फक्त दाखवायला. अँड्रॉइडमध्ये काउंटडाउनटायमर नावाचा तयार क्लास आहे, एकासाठी उत्तम आहे, पण लोक तो प्रत्येक ओळीच्या चौकटीत टाकतात आणि मग डोकं धरून बसतात.

फोन बंद पडला तर? दादाच्या फोनची बॅटरी संध्याकाळी सातला, ऐन गर्दीत, हमखास मरते. इथं वजाबाकीवाल्या पद्धतीचा फायदा लख्ख दिसतो. ओळ बदलली की, म्हणजे स्टार्ट, पॉज, संपला एवढ्याच वेळी, ती फोनमध्ये सेव्ह करायची. दर सेकंदाला सेव्ह करायची गरजच नाही, कारण मधे ओळीत काही बदलतच नाही. चार्जर लावून फोन परत चालू झाला की ओळी वाचायच्या आणि वजाबाकी करायची. ज्यांची वेळ मधेच होऊन गेली त्यांची वजाबाकी शून्याखाली जाते, त्यांना लाल करून वर दाखवतो, की ह्यांना आधी बाहेर काढ.

एक शंका जाणकार घेतील आणि ती खरी आहे: फोनचं घड्याळच कुणी बदललं तर? गेममध्ये लाइफ मिळवायला फोनची तारीख पुढे करणारी पोरं घरोघरी आहेत. ह्यासाठी फोनमध्ये दुसरं घड्याळ पण असतं, जे तारीख-वेळ सांगत नाही, फक्त फोन चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते सांगतं आणि ते सेटिंगमधून मागेपुढे करता येत नाही. अँड्रॉइडवर एलॅप्स्डरिअलटाइम, ते फोन झोपलेला असताना पण पुढे सरकतं. पण फोन रीस्टार्ट झाला की ते शून्यावर येतं, म्हणजे सेव्ह करून ठेवायला ते कामाचं नाही. शर्यतीचं किंवा परीक्षेचं ॲप असेल तर दोन्ही घड्याळांचा मेळ घालावा लागतो. दादाच्या फोनला फक्त दादाच हात लावतो, मी साधं घड्याळच ठेवलं.

स्क्रीन बंद असताना घंटी वाजलीच पाहिजे असेल तर मात्र ॲपच्या आतला कुठलाच टायमर भरवशाचा नाही. अँड्रॉइड ६ पासून डोझ आलंय, फोन नुसता पडून असला की तो ॲप्सना झोपवतो. तिथं संपायची वेळ फोनलाच सांगून ठेवायची, की ६:४० ला मला उठव, म्हणजे अलार्म. संपायची वेळ आपल्याकडे लिहिलेलीच आहे त्यामुळे ते पण एक ओळीचंच काम होतं, परवानग्या मागायची कटकट सोडली तर. आम्ही गल्ल्यावर जुना टॅब्लेट कायम चार्जिंगला लावून स्क्रीन चालू ठेवली आणि ह्या प्रकरणात पडलोच नाही.

शाळेतली पोरं ॲप इन्व्हेंटरवर करत असतील, ते ठोकळे जोडून ॲप करायचं, गूगलमध्ये सुरू होऊन नंतर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाकडे गेलेलं, त्यांच्यासाठी सांगतो. तिथं दहा क्लॉक, म्हणजे तिथले तयार टायमर, ओढून टाकायचा मोह होतो कारण ओढणं सोपं आहे. नका टाकू. एकच क्लॉक, इंटरव्हल २५०, आणि एक यादी ज्यात प्रत्येक घटक म्हणजे अजून एक छोटी यादी: बिल्ला, संपायची वेळ, स्थिती. एक प्रोसिजर करा जिला बिल्ला दिला की ती उरलेले काढून देते. क्लॉकच्या टायमरमध्ये लूप लावून तीच प्रोसिजर सगळ्यांना. सेव्ह करायला टायनीडीबी. चाळीस-पन्नास ठोकळ्यांत सगळं बसतं, दहा क्लॉकवाल्या पोराच्या स्क्रीनवर चारशे ठोकळे असतात आणि तो झूम आउट करून एक ठोकळा शोधत असतो.

आयफोनवाल्यांच्या घड्याळात एकदम बरेच टायमर लावायची सोय २०२३ ला आयओएस १७ मध्ये आली, तोवर एका वेळी एकच. हे वाचून माझ्या तीन आठवड्यांचं मला जरा बरं वाटलं.

प्ले झोनचं चालू झाल्यावर आईने फोन बघितला आणि म्हणाली ह्यात पाण्याचं टाक. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, आज आलं की पुढचं कधी ते लक्षात ठेवायचं, टाकी भरायची, वरच्या मजल्याची मोटर लावायची. मी बिल्ल्याच्या जागी 'पाणी' लिहिलं, मिनिटांच्या जागी चार दिवसांची मिनिटं टाकली, चाललं. फक्त दाखवताना ९५:५९:०० असं यायला लागलं म्हणून एका तासापेक्षा जास्त असेल तर दिवस आणि तास दाखव एवढं दाखवायच्या फंक्शनमध्ये घातलं. मावशीने शेंगा भाजायला घेतलं, मी हात पण लावला नाही, तिनेच ओळ टाकली.

आणि पुतणीने डिसेंबरच्या सुरुवातीला 'गड्डा' म्हणून ओळ टाकली, सिद्धेश्वरांच्या यात्रेपर्यंतचे चाळीसेक दिवस. ते बरोबर चाललं आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण जावास्क्रिप्टला सेटटाइमआउटमध्ये थेट "एवढ्या वेळाने घंटी वाजव" असं सांगितलं असतं तर त्याला २४.८ दिवसांच्या पुढचं झेपत नाही, तो आकडा ३२ बिटांच्या डब्यात बसत नाही आणि घंटी महिन्याने न वाजता लगेच वाजते. आपण तर त्याला पाव सेकंदाच्या पलीकडचं काही सांगतच नाही. पुतणी रोज सकाळी उठून बघते, गड्डा किती दिवस, आणि खालच्या ओळीत पाणी किती तास.